चीनमध्ये जेवायला बसल्यावर मागवायचं काय? वाचकांचे प्रश्न

यावेळी चीनमध्ये राहणाऱ्या आणि तिकडे निघालेल्या वाचकांची एवढी पत्रं आलीत की सगळं सदर त्यांनाच देतेय. प्रश्न वेगवेगळे असले तरी अडचण एकच आहे, हॉटेलात बसलो की जे हवं ते मिळत नाही आणि जे मिळतं ते आवडत नाही, शेजारच्या टेबलावर मात्र मस्त काहीतरी चाललेलं असतं. खाली चिनी शब्दांचे उच्चार जमेल तेवढे जवळचे लिहिलेत, पण त्या भाषेत सूर चुकला की शब्दच बदलतो, म्हणून महत्त्वाची वाक्यं कुणा ओळखीच्याकडून चिनी लिपीत लिहून घ्या आणि फोनमध्ये फोटो ठेवा. तोंडाने बोला आणि लगेच फोटो दाखवा, दोन्ही केलं की काम होतं.

प्रश्न: कामासाठी माझं ग्वांगचौ आणि शेन्झेनला सारखं जाणं असतं. चिकन, मासे, अंडी चालतात, बीफ आणि पोर्क नाही. मेन्यू म्हणजे जाडजूड अल्बमच असतो, फोटो बघून गोंधळायला होतं आणि शेवटी एग फ्राइड राइसवर भागवतो. आम्ही तिघं-चौघं असतो आणि प्रत्येक जण आपापली एक डिश मागवतो. तिथले लोक नक्की कसं मागवतात?

उत्तर: तुमच्या प्रश्नातच उत्तर आहे बघा, "प्रत्येक जण आपापली एक डिश". तिथे असं कुणी मागवत नाही. सगळ्या डिश मधे ठेवतात, प्रत्येकाच्या पुढे फक्त भाताची वाटी, आणि सगळे सगळ्यातलं थोडं थोडं घेतात. म्हणून तिथली एक डिश एका माणसाचं जेवण म्हणून बनवलेलीच नसते, नुसती एक खाल्ली तर ती खारट लागेल किंवा तेलकट लागेल किंवा कंटाळा येईल, कारण तिच्या बाजूला दुसरं काहीतरी असणार हे स्वयंपाक्याने धरलेलं असतं. माणसं जितकी त्यापेक्षा एक डिश जास्त हा ढोबळ हिशोब. चौघं असाल तर पाच, पोर्शन मोठे दिसले तर चारच.

आता त्या पाच कुठल्या. मेन्यूचे ठरलेले भाग असतात: ल्यांग-त्साय म्हणजे गार पदार्थ, र-त्साय म्हणजे गरम, थांग म्हणजे सूप, आणि शेवटी चू-श म्हणजे भात, नूडल्स, पोळी-पावासारखं पोट भरायचं सगळं. एक गार डिश घ्या, ती पाच मिनिटांत येते आणि बाकीचं येईपर्यंत तोंड चालू राहतं, ठेचलेल्या काकडीची लसूण-व्हिनेगर घातलेली फाय ह्वांग-क्वा कुठेही मिळते. मग एक मासा किंवा चिकन, एक अंड्याचं किंवा टोफूचं, एक हिरवी पालेभाजी, एक सूप. सगळंच तळलेलं नको, सगळंच लाल रश्शाचं नको, एक वाफवलेलं, एक परतलेलं, एक आंबट असं फिरवत राहायचं. तिथली माणसं हे मेन्यू चाळता चाळता आपोआप करतात आणि जेवण छान होतं ते त्यामुळेच, एखाद्या भारी डिशमुळे नाही.

भात मुद्दाम आधी मागा हं. नाहीतर मी-फान अगदी शेवटी येतो, कारण बऱ्याच ठिकाणी आधी डिश खायच्या आणि भाताने जेवण संपवायचं अशी पद्धत आहे.

आणि तुम्ही ग्वांगतोंग प्रांतात आहात, म्हणजे मासा खायला सगळ्यात चांगल्या जागी. हॉटेलच्या दारातच काचेच्या टाक्यांत जिवंत मासे असतात, तिथे उभं राहून बोट दाखवायचं. वेटर जाळीने मासा काढतो, पिशवीत घालून वजन करतो आणि तडफडणारी पिशवी तुमच्यासमोर धरतो की हाच ना. तेव्हा तो किंमत सांगतो ती एका चिनला, म्हणजे अर्ध्या किलोला असते, किलोला नाही आणि अख्ख्या माशालाही नाही, त्यामुळे एकूण किती होतील ते कॅल्क्युलेटरवर टाइप करून घ्या. मेन्यूत किमतीच्या जागी श-च्या लिहिलं असेल तर त्याचा अर्थ आजचा बाजारभाव, तो आधी विचारायचाच. मग सांगायचं छिंग-चंग, म्हणजे साधा वाफवलेला. मोजून थोडीच मिनिटं वाफेवर ठेवतात, वर आलं आणि कांद्याच्या पातीचे केसाएवढे बारीक तुकडे, त्यावर कडकडीत तापलेलं तेल ओततात, चर्र आवाज होतो आणि पातीचा वास माशात उतरतो, कडेने थोडं सोया सॉस. मसाला शून्य. पहिल्या घासाला आपल्याला वाटतं हे अगदीच सपक आहे, पण मासा तासाभरापूर्वी पोहत होता हे त्याच्या चवीत कळतं आणि मग दुसरं काही नको वाटतं.

काचेमागे जे भाजलेलं मांस लटकवलेलं असतं त्यात गूज म्हणजे हंस आणि बदक तुम्हाला चालेल, मधाळ लाल रंगाच्या लांब पट्ट्या मात्र पोर्कच्या असतात. डिमसम म्हणजे वाफवलेल्या छोट्या छोट्या पदार्थांतही शाओ-माय पोर्कचे असतात, आणि कोळंबीच्या पारदर्शक हार-गाउमध्ये बरेचदा थोडी डुकराची चरबी घातलेली असते तेव्हा विचारून घ्या. चिकन हाडासकट तोडलेलं येतं, बोनलेसची अपेक्षा ठेवू नका. टेबलावर बसल्या बसल्या माणशी चहाचे थोडे पैसे लावतात किंवा प्लास्टिकमध्ये सील केलेल्या वाट्यांचे एक-दोन युआन लावतात, तुम्हाला परदेशी बघून फसवलेलं नाही, सगळ्यांनाच लावतात.

एवढं सगळं लक्षात राहिलं नाही तर एकच करा, "चाओ-फाय त्साय?" असं विचारा, म्हणजे इथली खास डिश कुठली. आणि आजूबाजूला बघा, तीन टेबलांवर एकच भांडं दिसलं तर तेच मागवा. शेजारच्या डिशकडे बोट दाखवणं तिथे कुणाला वावगं वाटत नाही, उलट लोक हौसेने नाव सांगतात.

प्रश्न: ताई, नवऱ्याची बदली छंगतूला झालीय आणि मी पुढच्या महिन्यात जातेय. मी पूर्ण शाकाहारी, अंडंही जेमतेम. नवरा म्हणतो टोफू मागवला तरी त्यात खिमा येतो. मी तिकडे रोज घरीच जेवायचं का? सासूबाई पण येणार आहेत, त्या कांदा-लसूण खात नाहीत.

उत्तर: अजिबात नाही! भाज्या करण्यात सिचुआनच्या, म्हणजे छंगतू ज्या प्रांतात आहे तिथल्या लोकांचा हात धरणारं कुणी नाही असं माझं मत आहे, शाकाहारी माणसाने तिथे जाऊन घरी खिचडी खात बसणं म्हणजे वाईट वाटण्यासारखी गोष्ट आहे. पण नवरा म्हणतो ते खरंय आणि ते का होतं ते समजून घेतलंत तर निम्मं काम होईल.

तिथे मांस हे बऱ्याच भाज्यांत चवीपुरतं, जवळजवळ मसाल्यासारखं वापरतात. मा-फो टोफूत खिमा, सुक्या परतलेल्या फरसबीत म्हणजे कान-प्येन स-ची-तोउमध्ये खिमा, यू-श्यांग वांग्यात खिमा. आणि हे बनवणाऱ्याच्या दृष्टीने ती भाजीचीच डिश असते. तुम्ही "मांस नको" म्हणालात तर तो विचार करतो की मांसाची डिश नकोय, बरं, मग वांगं देतो. शिवाय नुसतं रोउ म्हटलं की पोर्क असाच अर्थ घेतात, त्यामुळे पोर्क नको म्हणून चिकन घालून आणणारेही भेटतात. म्हणून सुरुवातीलाच "वो छ सू", मी शाकाहारी आहे, आणि मग प्रत्येक डिशला वेगळं सांगायचं: "पू याओ रोउ-मो", खिमा नको. खिमा वगळणं त्यांना सोपं असतं, सहसा कुणी नाही म्हणत नाही.

यानंतर तीन लपलेल्या गोष्टी. एक, डुकराची चरबी, छोट्या हॉटेलांत पालेभाजी त्यातच परततात कारण चकाकी आणि वास येतो, "पू याओ चू-योउ" सांगा. दोन, रस्सा. पालेभाजीच्या नावात शांग-थांग असेल तर ती मांसाच्या स्टॉकमध्ये शिजवलेली असते, बघायला इतकी हिरवी आणि साधी दिसते की संशयच येत नाही. तीन, वाळवलेली कोळंबी आणि ऑयस्टर सॉस, हे कोबी आणि मशरूममध्ये असू शकतात. चिकन पावडर तर मिठासारखी पडते, तिचं नाव ची-चिंग, तीही नको असेल तर यादीत टाका.

आता आनंदाचा भाग. सगळ्यात आधी स्वान-ला थू-तोउ-स मागवा, बटाट्याचे आगपेटीच्या काडीपेक्षा बारीक तुकडे, पाण्यात धुऊन स्टार्च काढलेला, प्रचंड तापलेल्या कढईत जेमतेम मिनिटभर व्हिनेगर आणि सुक्या मिरचीवर परतलेले. बटाटा कच्चा नसतो पण कुरकुरीत असतो, हे आपल्याला माहीतच नाही असं बटाट्याचं रूप आहे आणि सगळ्यात स्वस्त डिशपैकी एक आहे. मग यू-श्यांग छ्ये-त्स, वांगं. नावात मासा आहे म्हणून घाबरू नका, त्यात मासा नसतो, पूर्वी माशाला जो मसाला लावायचे तो वांग्याला लावलाय, आंबवलेली मिरची, आलं, लसूण, साखर, व्हिनेगर. खिमा काढायला सांगितलात की झालं. कान-क्वो ह्वा-त्साय म्हणजे छोट्या कढईत खाली विस्तव ठेवून येणारा फ्लॉवर, त्यात पोर्कच्या चकत्या असतात त्या वगळायला सांगा. हाताने फाडलेली कोबी शोउ-स पाओ-त्साय, तिथेही तेच सांगायचं. ती-सान-श्येन ही उत्तरेकडची डिश, बटाटा-वांगं-ढोबळी मिरची, मूळचीच बिनमांसाची. अंडं चालेल त्या दिवशी टोमॅटो-अंडं, शी-हुंग-श छाओ ची-तान, हे मेन्यूत लिहिलेलं नसलं तरी मागितल्यावर करून देतात. आणि वेटरला फक्त "आज कुठली पालेभाजी ताजी आहे" एवढं विचारून ती लसणावर परतून मागवा, तिथल्या पालेभाज्यांची निवड बघून तुम्हाला मंडईत फिरल्यासारखं वाटेल.

हॉटपॉटबद्दल, म्हणजे टेबलावर उकळणाऱ्या रश्शात आपणच बुडवून शिजवून खायचं त्याबद्दल, नीट वाचा, कारण छंगतूला गेल्यावर पहिल्याच आठवड्यात कोणीतरी नेणारच. तो लाल रस्सा बरेचदा न्योउ-योउ म्हणजे गाईबैलाच्या चरबीचा असतो, भाज्या बुडवल्या तरी उपयोग नाही. छिंग-योउ म्हणजे वनस्पती तेलाचा रस्सा मागता येतो, किंवा दोन भाग केलेलं भांडं घेऊन तुमच्या बाजूला साधं पाणी किंवा टोमॅटो घ्यायचं, तेही हाडांच्या स्टॉकवर नाही ना हे विचारून.

सासूबाईंसाठी सगळ्यात सोपं. चीनमधली बौद्ध शाकाहारी हॉटेलं शोधा, परंपरेने त्यांत कांदा, लसूण, त्यांची पात यातलं काहीच वापरत नाहीत कारण बौद्ध भिक्षूंना ते वर्ज्य आहे. मोठ्या मंदिरांना लागून भोजनालय असतं, तिथे दुपारी साधं ताट मिळतं, शहरात बुफे असतात. शांघायला गेलात तर कुंग-त-लिन नावाचं १९२२ सालापासूनचं शाकाहारी हॉटेल आहे. या ठिकाणी मेन्यूवर बदक, मासा, चिकन असं सगळं दिसेल, दचकू नका, ते सोयाबीन आणि गव्हाच्या ग्लूटेनपासून केलेलं असतं. सासूबाईंना दिसायला नको वाटेल तर आधी सांगून ठेवा.

प्रश्न: ट्रान्सलेट अ‍ॅप वापरलं की "मुंग्या झाडावर चढतात", "नवरा-बायकोच्या फुफ्फुसाचे तुकडे" असलं काहीतरी येतं. मेन्यू वाचायचा कसा?

उत्तर: अ‍ॅप चुकत नाहीये, नावंच तशी आहेत. मुंग्या म्हणजे काचेसारख्या शेवयांना चिकटलेला पोर्कचा खिमा. नवरा-बायकोवाली डिश म्हणजे मिरचीच्या तेलातले बीफ आणि आतल्या अवयवांचे गार काप, छंगतूत एक जोडपं ते विकायचं त्यावरून नाव पडलं. सिंहाचं डोकं म्हणजे पोर्कचे मोठे गोळे. आणि "पाण्यात उकडलेला मासा" वाचून कुणी पथ्याचं समजून मागवतो, येतं ते मिरची तरंगणाऱ्या तेलाचं घमेलं.

अशा काव्यात्मक नावांच्या डिश थोड्याच असतात, बाकीची नावं सरळ असतात: कशी चिरली, काय आहे, कशी शिजवली. म्हणून मी नेहमी म्हणते की अख्खी लिपी शिकू नका, अक्षरांचे पाच-सहा तुकडे ओळखायला शिका. रोउ, म्हणजे मांस, हे अक्षर खालून उघड्या चौकटीसारखं दिसतं आणि आत एकावर एक दोन उलटे व्ही असतात, एकदा बघितलं की विसरत नाही. अक्षराच्या डोक्यावर आडवी रेघ आणि तिला छेदणाऱ्या दोन छोट्या उभ्या रेघा असतील तर ते बहुतेक वनस्पतीचं, वांगं, लसूण, पालक, मशरूम सगळ्यांच्या डोक्यावर ते असतं. अक्षराच्या डाव्या बाजूला दोन पायऱ्यांची अरुंद शिडी दिसली तर ते शरीराचा भाग असण्याची शक्यता खूप, काळीज, आतडं, पोट, मूत्रपिंड. डावीकडे किंवा खाली किड्याचं चिन्ह असेल तर कोळंबी, खेकडा, शिंपले, ऑयस्टर, बेडूकसुद्धा. अपवाद आहेत, ग्वांगतोंगमधल्या तांदळाच्या मऊ गुंडाळीच्या नावात आतड्याचं अक्षर आहे पण ते नुसतं आकारावरून, आणि नाश्त्याच्या मऊसूत टोफूच्या नावात मेंदू आहे. तरी शाकाहारी माणसाला एवढ्यावर मेन्यूचं अर्धं पान झटक्यात बाजूला काढता येतं.

अ‍ॅपचं म्हणाल तर गूगलच्या सेवा तिथल्या इंटरनेटवर चालत नाहीत, आपल्या सिमचं रोमिंग असेल तर बहुधा चालतात. निघण्याआधी ऑफलाइन चिनी भाषा डाउनलोड करून ठेवा. ता-चुंग त्येन-फिंग नावाचं तिथलं रिव्ह्यू अ‍ॅप असतं, त्यात प्रत्येक हॉटेलच्या लोकप्रिय डिश फोटोंसकट वर येतात, फोटो दाखवून मागवायला ते छापील मेन्यूपेक्षा बरं.

प्रश्न: ताई मी शन्यांगला मेडिकलला आहे, एकटाच जेवतो, बजेट कमी. सगळ्या डिश चार जणांच्या साइजच्या. बीफ खात नाही, बाकी चालतं. काय करू?

उत्तर: अरे तू मोठ्या हॉटेलात जाऊच नकोस, एकट्या माणसासाठी वेगळी दुकानं असतात. काय-फान लिहिलेलं दुकान शोध, ताटलीत भात आणि वर एक भाजी किंवा मांस घालून देतात, साधारण १५ ते २५ युआनमध्ये पोटभर होतं. टोमॅटो-अंडं-भात, बटाटा-भात, कुंग-पाओ चिकन-भात ही तीन कुठेही मिळतील.

दुसरं, लानचौ नूडल्सची दुकानं, हिरवट पाटी आणि छिंग-चन म्हणजे हलाल असं लिहिलेलं. तिथे पोर्क अजिबात नसतं, दारू नसते, आणि पिठाचा गोळा ताणत ताणत दोन हातांत नूडल्स ओढताना समोर दिसतं. पण तुझ्यासाठी अडचण अशी की रस्सा बीफचा असतो. मग रस्स्याच्या नूडल्सऐवजी पान-म्येन मागव, कोरड्या नूडल्सवर टोमॅटो-अंडं, किंवा चिकनवाली ता-फान-ची दोघंतिघं असाल तेव्हा, ही शिनच्यांगची डिश आहे, बटाटे आणि चिकन, खाली रुंद नूडल्स, आपल्या तोंडाला लगेच आवडते.

तू ईशान्येत आहेस म्हणजे च्याओ-त्स, डम्प्लिंग्जच्या राज्यात. ते बरेचदा वजनावर मागवतात, एक ल्यांग म्हणजे ५० ग्रॅम, पण ते वजन पिठाचं धरतात आणि त्यात साधारण पाच-सहा नग येतात, तुला तीन ल्यांग पुरे. च्यू-त्साय ची-तान, म्हणजे लसणीच्या पातीसारखी भाजी आणि अंडं, हे सारण मागव, पण सुकी कोळंबी घालतात का ते विचार. मा-ला-थांगच्या दुकानात फ्रीजमधून आपणच टोपलीत भाज्या, टोफू, नूडल्स भरायचे, वजन करायचं आणि ते शिजवून देतात, एकट्याला एकदम बरोबर पण रस्सा हाडांचा असतो, ती बीफचीही असू शकतात, म्हणून त्याच दुकानात किंवा शेजारी मा-ला श्यांग-क्वो मिळत असेल तर ते घे, तेच सगळं पण बिनरस्स्याचं परतलेलं. तेलाचं मात्र विचार, बीफची चरबी वापरत असतील तर साधं तेल माग.

आणि मित्रांना घेऊन आठवड्यातून एकदा तरी नीट हॉटेलात जा रे, चौघांत वाटलं तर माणशी खर्च काय-फानपेक्षा फार जास्त होत नाही. ईशान्येकडचे पोर्शन अवाढव्य असतात, चौघांना तीन डिश खूप झाल्या. उरलं तर "ता-पाओ" म्हण, डबा देतात, त्यात कमीपणा काही नाही, २०२१ मध्ये तिथे अन्न वाया घालवण्याविरुद्ध कायदाच झालाय आणि ढीगभर अन्न टाकणाऱ्याकडून हॉटेल जादा पैसे घेऊ शकतं.

प्रश्न: मला झणझणीत आवडतं म्हणून छोंगछिंगला हौसेने तिखट मागवलं तर जीभ बधिर झाली, चवच कळेना. हे कसलं तिखट?

उत्तर: ते तिखट नाही, ते ह्वा-च्याओ. कोकणातल्या माशाच्या आमटीत तिरफळ असतं ना, त्याचंच हे भावंड, दोन्ही झँथोझायलम याच वंशातली, फक्त आपण चार दाणे ठेचून टाकतो आणि ते मूठभर टाकतात. बधिरपणाला मा आणि तिखटाला ला, मिळून मा-ला. "पू याओ ह्वा-च्याओ" सांगून ते कमी करता येतं, पण मा-फो टोफूतून ते काढलं तर मागे काही उरत नाही, त्यापेक्षा वेगळी डिश निवडा. यू-श्यांग आणि स्वान-ला या घराण्यातल्या डिशमध्ये बधिरपणा सहसा नसतो. आणि खरं सांगू का, नुसतं तिखट आवडणाऱ्या माणसाने हूनानची हॉटेलं शोधावीत, ती जवळपास प्रत्येक मोठ्या शहरात असतात, ताजी आणि आंबवलेली मिरची भरपूर, जीभ शाबूत. ठेचलेली लाल मिरची पसरून वाफवलेलं माशाचं डोकं तिथे खा. ला-त्स-चीमध्ये सुक्या मिरच्यांचा डोंगर येतो तो खायचा नसतो, त्यातून चिकनचे तुकडे शोधून खायचे. घरातल्या इतरांसाठी वेय-ला, कमी तिखट, सांगा, पण छोंगछिंगचं कमी तिखटही बऱ्यापैकी तिखट असतं. आपल्याकडे शेजवान म्हणून जो लाल गोडसर सॉस मिळतो तो तिथे मिळणार नाही, मंचुरियनही नाही, ते भारतात जन्मलेले पदार्थ आहेत, ते शोधण्यात वेळ घालवू नका.

प्रश्न: वेटर मेन्यूच देत नाहीत, टेबलावर क्यूआर कोड दाखवतात. आणि पैसे कसे द्यायचे?

उत्तर: पैसे द्यायला तिथे अलीपे आणि वीचॅट ही अ‍ॅप चालतात, पण वीचॅटवर भारतात २०२० पासून बंदी आहे, तेव्हा अलीपे निघण्याआधी डाउनलोड होतंय का बघा आणि त्यात पासपोर्टची माहिती भरून, व्हिसा किंवा मास्टरकार्ड जोडून ठेवा. बँकेच्या अ‍ॅपमध्ये कार्डचा परदेशी वापर चालू केलाय का बघा, बरेच जण इथेच अडकतात. २०० युआनपर्यंतच्या बिलाला अ‍ॅप जादा फी लावत नाही, त्याहून मोठ्या बिलाला ३ टक्के लावतं. कोड स्कॅन केला की आधी माणसं किती ते विचारतं, मग डावीकडे विभाग आणि उजवीकडे फोटो, स्क्रीनशॉट काढून अनुवाद करायचा. तिखट किती, कोथिंबीर हवी का हे बटणांवर असतं, आणि शेवटी सूचना लिहायचा चौकोन असतो, त्यात "शाकाहारी, खिमा नको, डुकराची चरबी नको" हे चिनीत चिकटवून ठेवा, तो कागद थेट स्वयंपाकघरात छापला जातो, वेटरला सांगण्यापेक्षा पक्कं. जमलंच नाही तर हात करून "फू-वू-य्वान" अशी मोठ्याने हाक मारा आणि कागदी मेन्यू मागा, मोठ्याने हाक मारणं तिथे उद्धटपणा नाही. रोख पैसे नाकारता येत नाहीत असा नियम आहे, पण सुट्टे नसतात तेव्हा छोट्या नोटा ठेवा. बिलासाठी माय-तान म्हणायचं. टिप ठेवायची पद्धत नाही, ठेवलीत तर मागे पळत येऊन परत देतील.

प्रश्न: आई-बाबा आणि सात वर्षांच्या मुलीला घेऊन पेइचिंग (बीजिंग) आणि शीआनला जातोय. मुलीला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे. आम्ही रात्री नऊला जेवणारे.

उत्तर: आधी वेळेचं, कारण नऊला गेलात तर छोट्या हॉटेलात खुर्च्या टेबलावर चढवलेल्या असतील. दुपारचं जेवण साडेअकरा ते दीड आणि रात्रीचं साडेपाच ते आठ धरून चला. आई-बाबांना पाणी कोमट किंवा गरमच मिळेल, ते त्यांना आवडेल.

अ‍ॅलर्जीचं मात्र गांभीर्याने घ्या. "ह्वा-शंग क्वो-मिन", शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी, हे चिनीत मोठ्या अक्षरात छापून लॅमिनेट केलेलं कार्ड प्रत्येक जेवणाला वेटरच्या हातात द्या आणि ते आत नेऊन दाखवायला सांगा. कार्डावर तीन गोष्टी वेगळ्या लिहा: अख्खे दाणे, शेंगदाण्याचं तेल, आणि दाण्याचं कूट किंवा सॉस. कुंग-पाओ चिकनमध्ये दाणे उघड दिसतात, पण गार पदार्थांवर आणि नूडल्सवर कूट भुरभुरतात, आणि पेइचिंगच्या हॉटपॉटबरोबर येणाऱ्या तिळाच्या सॉसमध्ये शेंगदाण्याची पेस्ट मिसळलेली असू शकते. एकाच कढईत सगळं होत असल्याने छोट्या दुकानात खात्री देता येत नाही, तिथे मुलीसाठी वाफवलेलं किंवा उकडलेलं मागवा, साधे मान-थोउ म्हणजे वाफवलेले पाव, भात, पाण्यात उकडलेले डम्प्लिंग्ज बिनसॉसचे. डॉक्टरांनी दिलेलं औषध हॉटेलवर बॅगेत न ठेवता जेवताना जवळ ठेवा, आणि १२० हा तिथला अँब्युलन्सचा नंबर फोनमध्ये आधीच टाकून ठेवा.